झालंकाकांचा राहून गेलेला फोटो

कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओच्या मालकांना नाव आहे. पण ते आता बहुतेक वीजबिलावरच उरलंय. सगळी गल्ली त्यांना झालंकाका म्हणते, आणि त्यांनीही कधी तक्रार केलेली नाही. हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेलं आहे.

त्याचं असं आहे. एखादं कुटुंब नटूनथटून फोटो काढायला येतं. काका त्यांना उंचीप्रमाणे लावतात, कोणाची हनुवटी खाली घेतात, कोणाचा खांदा आत ढकलतात, आणि दोन-तीनदा कॅमेऱ्याचं बटण दाबतात. या वेळी समोरच्या मंडळींचे चेहरे चोरीचा आळ आल्यासारखे असतात. पोटं आत ओढलेली, श्वास रोखलेले, पोराच्या दंडावर आईचा चिमटा. मग काका मान वर करतात आणि म्हणतात, "झालं."

झालं म्हटलं की जी काही जादू होते ती बघण्यासारखी असते. वडील पोट सोडतात. आई पोराचा दंड सोडते. सासूबाई म्हणतात, केवढा वेळ उभं केलं मेल्यानं, आणि सून फिसकन हसते. आजोबा विचारतात, झालं का, मी तर डोळे मिटले होते, आणि मग सगळेच हसतात. नेमकं तेव्हा काका पाठीमागे धरलेल्या हातातलं, वायरच्या टोकाचं दुसरं बटण हळूच दाबतात. खरा फोटो तो. आठवड्यानं कुटुंब परत येतं, सगळे फोटो बघतं, आणि हमखास तोच निवडून म्हणतं, हा चुकून निघालेला दिसतो, पण काय आलाय बघा. काका म्हणतात, हो, कधीकधी होतं असं. गावातल्या अर्ध्या घरांत भिंतीवर हसणारी माणसं आहेत ती या थापेच्या जोरावर, आणि अजून तरी कोणाला पत्ता लागलेला नाही.

घरच्यांना मात्र लागलेला आहे. लागणारच. काकांची लेक तर झालं या शब्दावरच लहानाची मोठी झाली. काका जेवून उठताना सहज "झालं" म्हणाले तरी ती ताठ बसायची आणि केस सारखे करायची. त्यामुळे ज्या माणसानं परक्यांच्या पिढ्या हसवल्या, त्याच्या स्वतःच्या घरातल्या फोटोंत सगळे जण परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे दिसतात.

आणि त्यात काकू. काकू स्टुडिओच्या पुढच्या भागात बसतात, गिऱ्हाइकांना वेळ देतात, फोटोंची पाकिटं लावतात आणि हसतात. त्यांचं हसणं शेजारच्या इस्त्रीवाल्याला भिंतीपलीकडे ऐकू जातं, आणि काय विनोद झाला ते माहीत नसताना तोही हसतो. त्यांचा वरच्या ओळीतला एक दात शेजारच्या दातावर चढून बसलाय, गर्दीत बाकावर जागा न मिळालेलं माणूस दुसऱ्याच्या मांडीवर बसावं तसा. काकू हसल्या की आधी तो बाहेर येतो आणि बाकीचे मागून येतात. पण हे सगळं कॅमेरा नसताना. कॅमेरा दिसला की काकूंचा डावा हात तोंडावर जातो. घरातले अल्बम काढून बघा. लग्नानंतरच्या सहलीत हात, लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला हात, बागेत हात, बोटीत हात. हातात लेक असेल तर लेकीचं डोकं तोंडासमोर. पुढे लेकीचं लग्न झालं, नात आली, तेव्हा नातीची टोपी. काकूंच्या डाव्या हाताचे जेवढे फोटो आहेत, तेवढे एखाद्या मंत्र्याचे नसतील.

ज्या थोड्या फोटोंत हात नाही, त्यांत दात नाही. म्हणजे आहे, पण सरळ आहे. याला काकांच्या स्टुडिओचा जुना नियम कारण. काका ज्यांच्या हाताखाली शिकले ते त्यांचे मामा, आणि मामांचं म्हणणं असं की दुकानातून वाकडं काही बाहेर जाता कामा नये. तीळ, देवीचे व्रण, तिरळा डोळा, सगळं टचिंग करून सरळ. तरुणपणी काका काचेच्या उजेडावर निगेटिव्ह ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं हे काम करत. काकू पहिल्यांदा वडिलांबरोबर फोटो काढायला आल्या तेव्हा त्यांच्या दोन दातांमधली सावली काकांनी अशी भरून टाकली होती की चढलेला दात शहाण्यासारखा ओळीत जाऊन बसला. काकू फोटो न्यायला आल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, छान आलाय. काकांनी ते वाक्य गाठीशी बांधलं. पुढे या बाईशी त्यांचं लग्न झालं आणि पेन्सिल जाऊन कॉम्प्युटर आला, तरी काकूंचा दात दर फोटोत न चुकता सरळ होत राहिला.

एवढी वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं. मग काकूंची हिरडी सुजली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की त्या चढलेल्या दाताचं मूळ गेलंय, सुट्टीवरून आलात की काढून टाकू आणि तिथे छान सरळ दात बसवू. काकू म्हणाल्या, बरं होईल बाई, जेवताना फार ठणकतो. एवढं बोलून त्या बाहेर आल्या आणि भाजी घ्यायला गेल्या. काका मात्र दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ तसेच उभे राहिले. त्यांच्या एकदम लक्षात आलं की तो दात गेला की ते हसणं जाणार, आणि त्या हसण्याचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. गावभरच्या सासवासुनांच्या हसण्याचे आहेत, स्वतःच्या बायकोच्या नाही. हाती राहिली होती ती फक्त आधीच ठरलेली समुद्राकाठची सुट्टी.

आता कोणीही विचारेल, मग सरळ सांगायचं ना बायकोला, की हात काढ आणि हस. पण ज्या माणसानं उभा जन्म लोकांना न सांगता फोटो काढले, त्याला सांगून फोटो काढणं जमायचं कसं? शिवाय काकांची समजूत अशी की काकूंना तो दात मुळीच आवडत नाही. आवडत असता तर हात कशाला धरला असता? नको असलेल्या गोष्टीचा फोटो मागायचा म्हणजे तिला दुखवायचं. तेव्हा काकांनी ठरवलं, युक्तीनंच काढायचा.

सुट्टी लेकीनं आखलेली होती, त्यामुळे त्यात विश्रांतीला फारसा वाव नव्हता. समुद्राकाठी एक जुनं गेस्ट हाऊस, तिथे आईबाबा, ती, तिचा नवरा आणि नात. निघायच्या आधीच लेकीनं फर्मान काढलं होतं की फोटोसाठी सगळ्यांनी फिकट निळे कपडे आणायचे. कुठल्या संध्याकाळी पायऱ्यांवर बसायचं, कुठल्या सकाळी होड्यांपाशी उभं राहायचं, हेही ठरलेलं. जावयाकडे फिकट निळा शर्ट नव्हता म्हणून त्यानं एक गडद निळा आणून दोनदा जास्त धुतला होता. हा जावई गुणी माणूस, पण त्याला फोनवर फोटो काढायचा नाद. चहा आला की चहाचा, चहा संपला की कपाचा, मग वाळूत स्वतःच्या पायांचा. काका त्याचे फोटो कौतुकानं बघत आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावत.

पहिल्या संध्याकाळी पायऱ्यांवर बैठक झाली. उजेड सोन्यासारखा. काकांनी स्टँडवर कॅमेरा लावला, माणसं बसवली, दोन-तीनदा बटण दाबलं. काकूंचा हात जागेवर. मग काकांनी मान वर केली आणि शक्य तितक्या निष्पाप आवाजात म्हटलं, "झालं." त्याबरोबर लेक ताठ झाली, जावयानं लेकीकडे बघून पाठ सरळ केली, काकूंनी हात आणखी घट्ट धरला, आणि नात आनंदानं ओरडली, "आता खरा फोटो!"

दुसऱ्या दिवशी काका गेस्ट हाऊसच्या कुंपणाआड लपले. लांबची लेन्स लावून ते झुडपात वाकून बसले होते, आणि वाळूत काकू नातीबरोबर शिंपले वेचत मनापासून हसत होत्या. काका बटण दाबणार एवढ्यात गेस्ट हाऊसचा रखवालदार मागून आला आणि त्यानं कडक आवाजात विचारलं की आपण बायकांचे फोटो काढताय का. काका म्हणाले, बायकांचे नाही, बायकोचा. हे उत्तर रखवालदाराला पटलं नाही. त्यानं काकांना दंडाला धरून वाळूत नेलं आणि काकूंना विचारलं, या गृहस्थांना ओळखता का? काकूंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, गुडघ्याला लागलेला चिखल पाहिला, केसांतलं पान पाहिलं, आणि म्हणाल्या की तोंडओळख आहे. मग ज्या हसत सुटल्या! पण तेव्हा काकांच्या गळ्यात कॅमेरा होता, त्यामुळे हात वर होता.

मग काकांनी जावयाला विश्वासात घेऊन विनोद सांगायला लावला. जावयानं तो फार लांबवला, मध्येच शेवट सांगून टाकला, आणि शेवटी एकटाच हसला. उपाय संपले तेव्हा काकांनी नातीला गाठलं. ती पाच वर्षांची, दुधाचा पुढचा एक दात नुकताच पडलेला, म्हणजे विषयातली जाणकार. काकांनी तिला सगळी हकीकत सांगितली आणि आजीला गुदगुल्या करायचं काम दिलं. आजीला काही बोलायचं नाही, असंही बजावलं. नातीनं गळ्याची शपथ घेतली.

शपथ दुसऱ्या दिवशी न्याहारीपर्यंत टिकली. सगळे टेबलाशी बसले होते, जावई पावाचा फोटो काढत होता, आणि नात दुधाचा पेला खाली ठेवून म्हणाली, "आजी, आजोबांना तुझ्या वाकड्या दाताचा फोटो पाहिजे. तो मरणार आहे ना, म्हणून."

लेकीनं बाबांकडे पाहिलं. काकांनी पावाकडे पाहिलं. काकू उठल्या आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. तिथे दोरीवर फोटोसाठीचे फिकट निळे कपडे वाळत होते. काका थोडा वेळ चमच्याशी खेळले, मग तेही उठले. कॅमेरा टेबलावरच राहिला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते त्याला विसरले होते. आपण आता चांगली खरडपट्टी ऐकणार अशी त्यांची खात्री होती, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण तिला दुखावलं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

काकूंनी खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली.

"कशाला हवाय फोटो?" त्यांनी विचारलं.

"जाणार ना तो आता."

"आता कुठे? तुम्ही तर त्याला केव्हाच घालवलंय. माझ्या एका तरी फोटोत आहे का तो?"

"तुला आवडत नाही म्हणून सरळ करत होतो," काका म्हणाले.

"मला आवडत नाही हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, हात धरतेस की तोंडावर. कायम."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या, पण हसतही नव्हत्या. "लग्न झाल्यावर बघितलं मी," त्या म्हणाल्या. "माझा एकेक फोटो घेऊन डोळे फोडत बसायचात, पेन्सिलीनं. मला वाटलं, यांना नाही बघवत तो दात. आणि नुसतं दाताचं नाही, मान आखडायची तुमची. म्हटलं, आपणच झाकला तर तेवढंच काम वाचेल."

समुद्रावरून वारा येत होता आणि दोरीवरचा जावयाचा शर्ट काकांच्या तोंडावर येत होता. काकांनी तो दोनदा बाजूला सारला. त्यांना रडू येत होतं, आणि स्वतःच्या अकलेचं हसूही येत होतं. तिच्यासाठी ते दात पुसत राहिले आणि त्यांच्यासाठी ती हात धरत राहिली. अख्खा संसार एकमेकांची मर्जी राखण्यात गेला, आणि दोघांच्याही मर्जीत नसलेलं काम तेवढं मन लावून झालं.

"पहिला फोटो न्यायला आलीस तेव्हा छान आलाय म्हणालीस," काका म्हणाले.

"मग काय म्हणणार? काढणारा समोर उभा, कान लाल झालेले. चेहरा बघून म्हटलं."

काकांचे कान पुन्हा लाल झाले. मग जे त्यांना एवढ्या वर्षांत कधी बोलायला जमलं नव्हतं, ते त्यांनी शर्ट बाजूला धरून, समुद्राकडे तोंड करून सांगून टाकलं.

"मला आधी तो दातच आवडला होता. तू नंतर आवडलीस."

काकूंना हे कळायला एक क्षण लागला. आणि मग त्या हसल्या. भिंतीपलीकडचा इस्त्रीवाला इथे असता तर हातातली इस्त्री बाजूला ठेवून हसला असता, अशा हसल्या. दोन्ही हात मांडीवर होते. दात सगळ्यांच्या आधी बाहेर आला होता. काका बघतच राहिले, आणि त्यांचा हात गळ्याशी गेला. तिथे कॅमेरा नव्हता.

"थांब," ते म्हणाले. "अशीच थांब. मी आणतो."

"आणा. मी हसतच बसते."

काका धावले. या वयात धावू नये हे त्यांना ठाऊक होतं. उंबऱ्याशी एक चप्पल सुटली, ती त्यांनी तशीच टाकली. टेबलाला धक्का लागून दुधाचा पेला लवंडला. लेक म्हणाली, बाबा, काय झालं? काका म्हणाले, अजून नाही झालं, आणि कॅमेरा उचलून परत धावले. एका पायात चप्पल, बाहीला दूध आणि चेहऱ्यावर आग लागल्यासारखी घाई, असे ते व्हरांड्यात आले. काकूंचं पहिलं हसू एव्हाना ओसरत आलं होतं, पण हे ध्यान बघून दुसरं आलं, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं होतं. डावा हात सवयीनं उठला. वाटेत थांबला. काकूंनी तो खाली नेऊन खुर्चीच्या दांडीवर ठेवला, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिल्या. काकांनी बटण दाबलं.

"झालं," ते म्हणाले.

काकू हलल्या नाहीत. "खरंच?"

"खरंच."

फोटो तसा काही फार धड आला नाही. समुद्र एका बाजूला कललाय, कोपऱ्यात प्लॅस्टिकची बादली आहे, आणि वर दोरीवरून जावयाच्या शर्टाची बाही लोंबतेय. दुसऱ्या कोणी असा फोटो आणून दाखवला असता तर काकांनी त्याला बसवून तासभर ऐकवलं असतं. घरी आल्यावर त्यांनी तो कॉम्प्युटरवर उघडला. सवयीनं दात मोठा करून पाहिला, आणि बराच वेळ नुसता पाहिला. मग बादलीसकट, बाहीसकट जसाच्या तसा छापला. पहिली प्रत त्यांनी काकूंना दिली. काकूंनी ती बघून छान आलाय म्हटलं, आणि या वेळी काकांच्या चेहऱ्याकडे न बघता म्हटलं. मग प्रत पिशवीत घातली.

ती पिशवीतली प्रत कशाला, हे काकांना दवाखान्यात कळलं. दात काढून झाला होता, हिरडी भरून आली होती, आणि डॉक्टरीणबाई नव्या दाताचं माप घेऊन सांगत होत्या की आता ओळ कशी मोत्यांसारखी सरळ दिसेल. काकूंनी फोटो काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "असा बसवा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि अत्यंत सौम्यपणे समजावलं की इतकी वर्षं दवाखाना चालवतेय, पण वाकडे दात लोक सरळ करून घ्यायला येतात, सरळ दात वाकडे करून घ्यायला कोणी येत नाही. काकू म्हणाल्या, लोकांचं लोक बघतील. बाईंनी आशेनं काकांकडे पाहिलं. घरात एक तरी माणूस समजूतदार असेल, असं त्यांना वाटलं असावं. काकांनी चष्मा पुसला, फोटोवर बोट ठेवलं आणि सांगितलं की नुसता वाकडा नको, शेजारच्यावर थोडा चढलेला हवा, आणि खालचं टोक किंचित बाहेर.

बाई हट्टानं कामाला लागल्या. पहिल्यांदा बसवून पाहिला तो काकांना फार सभ्य वाटला. दुसऱ्यांदा फारच चढला. तिसऱ्यांदा बसवला तेव्हा बाईंनी आरसा काकूंच्या हातात दिला. काकूंनी आरसा पालथा करून मांडीवर ठेवला आणि नवऱ्याकडे तोंड केलं. चेहरा गंभीर, ओठ मिटलेले, पाठ ताठ. स्टुडिओत येतात त्या सगळ्या माणसांसारख्या त्या बसल्या होत्या.

काका दोन पावलं मागे सरकले. कॅमेरा नव्हता तरी त्यांनी मान कलती केली, एक डोळा बारीक केला, काकूंची हनुवटी बोटानं थोडी खाली घेतली आणि पुन्हा मागे गेले. डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून बघत होत्या. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"झालं," ते म्हणाले, आणि काकू हसल्या.